युरिया पडला, पाणी राहिले : निफाड तालुक्यातील एका कांदा प्लॉटचे प्रकरण

या प्रकरणाचा विषय आहे निफाड तालुक्यातला, लासलगावच्या बाजार समितीपासून ट्रॅक्टरने अर्ध्या तासावर असलेला, अडीच एकरांचा म्हणजे साधारण एक हेक्टरचा उन्हाळ कांद्याचा प्लॉट. शेतकरी साठी ओलांडलेले आहेत. गावात त्यांना नाना म्हणतात, म्हणून येथेही तेच नाव ठेवले आहे. माती परीक्षण आणि पीक सल्ला हे माझे काम असल्याने नानांच्या मुलाने मला बोलावले, तेव्हा लागवडीला ४७ दिवस झाले होते आणि घरात एकच वाक्य फिरत होते : "साहेब, युरियाच्या गोण्या खोट्या निघाल्या."

तक्रार समजण्यासारखी होती. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लागवड झाली होती. लागवडीच्या वेळी १०:२६:२६ या मिश्रखताच्या ५० किलोच्या चार गोण्या आणि युरियाची दीड गोणी दिल्याने नत्र (नायट्रोजन) सुमारे ५१ किलो आणि स्फुरद (फॉस्फरस) व पालाश (पोटॅश) प्रत्येकी ५२ किलो गेले होते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची कांद्यासाठीची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी आहे; त्यातले निम्मे नत्र लागवडीला आणि उरलेले निम्मे पुढे ३० आणि ४५ दिवसांच्या सुमारास दोन हप्त्यांत द्यायचे असते. म्हणजे येथवर नानांचा हिशोब चोख होता. पुढचे दोन हप्ते मात्र त्यांनी एकत्र केले. मजूर मिळत नाहीत, दोनदा कोण फिरणार, या विचाराने ३१ व्या दिवशी दुपारी युरियाच्या तीन गोण्या सगळ्या २२० वाफ्यांत फोकून झाल्या. ४५ किलोच्या तीन गोण्या म्हणजे १३५ किलो युरिया आणि त्यात ६२ किलो नत्र. एवढे नत्र पडूनही दोन आठवड्यांत पात पिवळी पडली, तेव्हा शेतकऱ्याचा पहिला संशय गोणीवरच जाणार.

त्या रात्री काय झाले

त्या आठवड्यात शेतीपंपांना रात्रपाळीची वीज होती. चार दिवसांपूर्वी पाणी भरलेले असल्याने वाफ्यांचा वरचा थर ओलसर, वाफशावर होता. रात्री दहाला वीज आली, मोटार चालू झाली आणि तासाभरात अकरा वाफे भरले. त्यानंतर डीपी (शेतीपंपांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) जळाली. ती उतरवून दुरुस्तीला नेणे, परत आणून बसवणे यात सहा दिवस गेले. या सहा दिवसांत पहाटे दहिवर पडत होते आणि दुपारी ऊन चांगले तापत होते. निफाडची थंडी प्रसिद्ध असली तरी फेब्रुवारीतली दुपार थंड नसते. उरलेल्या २०९ वाफ्यांतला युरिया मातीच्या तोंडावर पडून राहिला. चौथ्या दिवशी दाणे दिसेनासे झाल्यावर "खत जिरले" असे समजून घरातले निर्धास्त झाले. या प्रकरणातला सर्वात मोठा गैरसमज हाच होता.

पाहणी

पाटाच्या कडेने चालताना पहिली गोष्ट दिसली ती वाफ्यांची सरळ सीमा. विहिरीजवळचे, पाटाच्या उजव्या हाताचे अकरा वाफे गडद हिरवे होते आणि बाराव्या वाफ्यापासून पात फिकी होत जात होती. रोग किंवा कीड अशी बांधाला बांध लावून थांबत नाही. शेजाऱ्यांनी करपा सांगितला होता, पण पातीवर जांभळट चट्टे नव्हते. फुलकिडे होते, मात्र ते हिरव्या आणि पिवळ्या वाफ्यांत सारख्याच प्रमाणात होते. पिवळेपणा जुन्या पातीच्या शेंड्यापासून सुरू होऊन खाली उतरत होता आणि आतली नवी पात त्या मानाने बरी होती. नत्र कमी पडले की झाड जुन्या पानांतले नत्र काढून नव्या पानांना पुरवते, म्हणून लक्षण जुन्या पानांवर आधी येते. गंधक कमी असते तर उलट झाले असते.

अकरा वाफे विहिरीजवळचे म्हणून तेथे माती चांगली असेल, हा आक्षेप नानांच्या मुलाने स्वतःच घेतला, आणि तो योग्य होता. त्याचे उत्तर पाटाच्या डाव्या हाताला होते. तेथले वाफे विहिरीपासून तितकेच जवळ होते, मागचे पीक तेच सोयाबीन होते, पण त्या रात्री त्यांना पाणी पोहोचले नव्हते आणि ते पिवळे होते. गोणी तीच, दिवस तोच, फोकणारा हातही तोच; फरक होता तो फक्त त्याच रात्री मिळालेल्या पाण्याचा.

तरीही नानांचा संशय बोलण्याने जाणारा नव्हता. सुदैवाने एका गोणीच्या तळाशी दोन-तीन किलो युरिया उरला होता. स्टीलच्या पेल्यात अर्धा पेला पाणी घेऊन त्यात मूठभर युरिया ढवळला आणि पेला नानांच्या हातात दिला. पेला माठातल्या पाण्यासारखा गार लागला. युरिया विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो. मीठ किंवा खडीचा चुरा घालून असा गारवा येत नाही. शिवाय त्याच उरलेल्या युरियातला पाव किलो एका पिवळ्या वाफ्यात टाकून लगेच पाणी सोडले. आठव्या दिवशी मुलाने फोटो पाठवला, त्यात तो वाफा शेजारच्या वाफ्यांहून वेगळा ओळखू येत होता. एवढ्याने गोणी निर्दोष ठरली आणि सहा दिवस पाणी तुटल्यामुळेच पात पिवळी असेल, ही शंकाही मिटली, कारण नंतर पाण्याच्या दोन पाळ्या होऊनही जे सुधारले नव्हते ते नत्र मिळताच सुधारले.

मग नत्र गेले कोठे

याचे उत्तर द्यायचे तर युरिया म्हणजे नेमके काय, हे कारखान्यापासून पाहावे लागते. आपण युरियाला पिकाचे खाद्य म्हणतो, पण खरे तर तो प्रवासासाठी बांधलेला अमोनिया आहे.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, परंतु त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने इतके घट्ट धरून असतात की ते झाडाला वापरता येत नाहीत. हा बंध तोडून नायट्रोजनला हायड्रोजनशी जोडण्याची व्यवहारात चालणारी पद्धत जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये कार्ल्सरूए येथे दाखवली. प्रयोगशाळेतल्या त्या यंत्रातून अमोनिया थेंबाथेंबाने बाहेर पडत होता. त्याचा कारखाना करण्याचे काम बीएएसएफ कंपनीतले कार्ल बॉश यांनी केले आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. हाबर यांचा उत्प्रेरक ऑस्मियमचा होता, जो दुर्मिळ आणि महाग होता. बॉश यांचे सहकारी आल्विन मिटाश यांनी हजारो नमुने तपासून लोखंडाचा स्वस्त उत्प्रेरक शोधला, आणि आजही अमोनियाचे बहुतेक कारखाने लोखंडावरच चालतात. हाबर यांना १९१८ चे आणि बॉश यांना १९३१ चे नोबेल मिळाले.

या प्रक्रियेत एक अडचण मुळातच आहे. अमोनिया बनताना उष्णता बाहेर पडते, म्हणून तापमान जितके कमी तितका अमोनिया जास्त मिळायला हवा; पण कमी तापमानाला तो बंधच तुटत नाही. त्यामुळे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या दाबाच्या दीडशे ते अडीचशे पट दाब, असा मधला मार्ग काढलेला आहे. एका फेरीत मिश्रणाच्या थोड्याच भागाचा अमोनिया होतो. तो गार करून काढून घेतात आणि उरलेला वायू पुन्हा फिरवतात. हायड्रोजन येतो तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून, आणि तो काढताना कार्बन डायऑक्साइड वेगळा होतो. अलिबागजवळ थळ येथे १९८५ पासून चालणाऱ्या कारखान्यातही पाया हाच आहे. तेथे अमोनिया आणि तोच कार्बन डायऑक्साइड मोठ्या दाबाखाली एकत्र आणून आधी अमोनियम कार्बामेट आणि मग त्यातून पाणी वेगळे करून युरिया तयार होतो. शुद्ध अमोनियात ८२ टक्के नत्र असते, पण तो उणे ३३ अंशांना उकळणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वायू आहे. त्याला गोणीत भरता येत नाही. युरियात नत्र ४६ टक्केच असते, पण तो कोरड्या दाण्याच्या रूपात नाशिकपर्यंत आणि तेथून शेताच्या बांधापर्यंत जातो.

नानांच्या तीन गोण्या बनवण्यासाठी सुमारे ७७ किलो अमोनिया खर्ची पडला होता. वायूपासून गोणीपर्यंतचा सगळा हिशोब धरला तर एका टन युरियामागे साडेपाच ते सहा गिगाकॅलरी ऊर्जा लागते, म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीमागे घरगुती गॅसच्या दीड टाकीहून अधिक. ती गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण उरलेला खर्च सरकार अनुदानातून सोसते. किंमत इतकी कमी असल्याने आपण युरिया मोजत नाही, फोकतो, आणि याला मी नानांचा एकट्याचा दोष मानत नाही.

आता मातीत काय होते ते पाहू. कारखान्याने जे दाबाखाली जोडले, ते माती नेमके उलट्या क्रमाने सोडवते. मातीत आणि धसकटात यूरिएझ नावाचे विकर (एन्झाइम) असते. दाण्याला ओल मिळाली की हे विकर युरिया आणि पाणी यांपासून पुन्हा अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते, आणि उबदार दिवसांत हे काम दोन दिवसांपासून आठवड्याभरात उरकते. ही फोड मातीच्या आत झाली तर अमोनिया ओलाव्यात विरघळून अमोनियम होतो, काळ्या मातीतल्या चिकण कणांना धरून राहतो आणि पिकाला मिळतो. तीच फोड मातीच्या तोंडावर झाली तर पकडायला कोणी नसते आणि अमोनिया वाऱ्यावर जातो.

किती जातो, हे मुख्यतः सामूवर, म्हणजे माती किती आम्ल किंवा विम्ल आहे ते सांगणाऱ्या पीएच आकड्यावर ठरते. सामू ७.२ असताना अमोनिया आणि अमोनियम मिळून जे नत्र असते त्यापैकी जेमतेम एक टक्का वायुरूपात असतो, ८.२ ला तो आठ टक्क्यांच्या आसपास जातो आणि ९.२ ला जवळपास निम्मा होतो. नानांच्या माती परीक्षण अहवालात सामू ८.२ होता आणि ढेकळावर ॲसिडचा थेंब टाकला की फेस येत होता, म्हणजे चुनखडी भरपूर. त्यात युरियाची फोड होताना दाण्याभोवतीचा सामू आणखी वर चढतो, तेव्हा तेवढ्या जागेपुरती परिस्थिती नवाच्या घरात पोहोचते. वरून दुपारचे ऊन आणि वारा. दहिवराने तर दोन्हीकडून नुकसान केले : दाणा विरघळेल एवढी ओल दिली, पण त्याला दोन बोटे खाली नेईल एवढे पाणी दिले नाही. कोरड्या मातीत कोरडा दाणा पडून राहिला असता तर नुकसान कमी झाले असते. अशा परिस्थितीत दिलेल्या नत्राचा चौथा हिस्सा आणि कधी त्याहूनही अधिक अमोनिया होऊन उडून जाऊ शकतो.

यावर नानांनी विचारलेला प्रश्न मला अनेक गावांत ऐकायला मिळतो : "नीमकोटेड आहे ना साहेब, मग उडेल कसा?" २०१५ पासून देशात विकला जाणारा सगळा युरिया निंबोळी तेलाचे आवरण दिलेला असतो, आणि त्या आवरणाचे काम नीट सांगितले जात नाही. निंबोळीतले घटक अमोनियमचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या जिवाणूंचा वेग कमी करतात, त्यामुळे नत्र पाण्याबरोबर खोल वाहून जाण्याचे प्रमाण घटते. ही पायरी अमोनिया तयार झाल्यानंतरची आहे. युरियाची अमोनियात फोड होण्याच्या आधीच्या पायरीला हे आवरण भरवशाने रोखत नाही. दाराला कुलूप आहे, पण नानांचे नत्र खिडकीतून गेले.

हे पटावे म्हणून मुलाने आणि मी कांदा साठवायच्या चाळीच्या सावलीत दोन काचेच्या बरण्यांत त्याच शेताची ओलसर माती भरली. एकीत चमचाभर युरिया वर पसरला, दुसरीत तेवढाच युरिया तळाशी टाकून वर चार बोटे माती दाबली. दोन्ही झाकणांना आतून ओला लाल लिटमस कागद चिकटवला, जो अमोनिया लागला की निळा होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बरणीतला कागद निळा झाला होता आणि झाकण उघडताच मुतारीसारखा उग्र वास आला. दुसरीतला कागद लालच होता. नानांनी पहिली बरणी नाकाशी धरली, मान मागे घेतली आणि "हा वास त्या आठवड्यात रानात होता" एवढेच म्हणाले.

सल्ला आणि त्यातली चूक

पाहणीच्या दिवशी मी सांगितले की एक गोणी युरिया ताबडतोब, पाणी चालू असताना द्यावा. ते घडले नाही. त्या पंधरवड्यात परिसरात युरियाची टंचाई होती आणि एका दुकानदाराने युरियाबरोबर नको असलेले दुसरे खत घेण्याची अट घातली. या लिंकिंगमध्ये दिवस गेले आणि युरिया हाती आला तो ६६ व्या दिवशी. नानांनी एकाऐवजी दोन गोण्या टाकल्या, यावेळी पाण्याबरोबर, अगदी सांगितल्याप्रमाणे. पण आता वेळ निघून गेली होती. साठ दिवसांनंतर कांद्याला नत्र देऊ नये, हे मी तोंडी ओझरते बोललो होतो. कागदावर तारीख घालून लिहून दिले नव्हते. ही चूक माझी आहे. "ताबडतोब द्या" या सल्ल्याला "अमुक तारखेनंतर देऊ नका" ही दुसरी बाजू नसेल, तर टंचाईच्या दिवसांत तो सल्ला अर्धाच ठरतो.

परिणाम ठरल्यासारखे आले. अकरा वाफ्यांत मे महिन्याच्या सुरुवातीला माना पडल्या आणि पात आपोआप आडवी झाली. या वाफ्यांतही नाना दोन गोण्यांचा वाटा टाकणार होते, पण ते हिरवेगार दिसत असल्याने मुलाने तेवढे वगळले. उरलेल्या शेतात १२५ दिवस होऊनही पात उभी होती. कांदा पोसण्याच्या काळात मिळालेल्या नत्राने पीक पुन्हा पात वाढवण्याकडे वळले होते. माना जाड राहिल्या, जोडकांदा जास्त निघाला आणि सुरुवातीच्या उपासमारीमुळे गोल्टीचे, म्हणजे बारीक कांद्याचे, प्रमाणही मोठे होते. जाड मान नीट सुकून मिटत नाही, आणि तीच वाट धरून सड आत शिरते.

माझ्या विनंतीवरून नानांनी अकरा वाफ्यांचा माल चाळीच्या एका कप्प्यात वेगळा ठेवला. ऑगस्टच्या अखेरीस चाळ फोडली तेव्हा त्या कप्प्यातून दहा क्रेटमागे एक क्रेट फेकण्याजोगा निघाला. शेजारच्या कप्प्यात तेच प्रमाण दहाला चारपर्यंत गेले होते, आणि जे राहिले त्यातल्या अनेक कांद्यांना मोड आले होते. म्हणजे आधी नत्र उडाल्याचा तोटा उत्पादनात झाला आणि ते उशिरा भरून काढण्याचा तोटा साठवणुकीत.

दोष डीपीचा किती

नानांच्या मते सगळे खापर डीपीवर फुटते. मला हे मान्य नाही. एका तासात अकरा वाफे भरतात, म्हणजे आठ तासांच्या एका पाळीत ८०-९० वाफे होतात आणि २२० वाफ्यांना तीन रात्री लागतात. डीपी शाबूत असती तरी शेवटच्या वाफ्यांतला युरिया दोन दिवस उघडा पडलाच असता. सगळ्या रानात एकाच दुपारी खत फोकायचे आणि पाणी तीन रात्रींत फिरवायचे, या पद्धतीतच गळती होती. डीपीने ती वाढवून दाखवली.

युरियाऐवजी अमोनियम सल्फेट वापरावे काय, असा प्रश्न मुलाने विचारला. त्यातले गंधक कांद्याला उपयोगाचे आहे आणि ते खत आम्लधर्मी म्हणून ओळखले जाते. पण चुनखडीच्या मातीत त्याची चुन्याशी प्रक्रिया होऊन तेथूनही अमोनिया सुटतो, म्हणून वर टाकून उघडे ठेवण्याची सूट त्यालाही नाही. ठिबकवर गादीवाफा केला तर युरिया पाण्यातूनच मुळाशी जाईल आणि हा प्रश्नच उरणार नाही. तो खर्च घरच्यांनी पुढच्या वर्षावर ठेवला आहे.

यंदाच्या रब्बीसाठी आराखडा साधा ठेवला. वरखताचे, म्हणजे लागवडीनंतर द्यायचे, ५० किलो नत्र दोन समान हप्त्यांत द्यायचे, म्हणजे एका हप्त्याला ५४ किलो युरिया आणि वाफ्याला पाव किलो. पाव किलोच्या मापाला रंगाचा एक जुना डबा कापून घेतला आहे. एका रात्री ८० वाफे, म्हणून संध्याकाळी तोलून फक्त २० किलो युरिया रानात न्यायचा, बाकी घरी. साठाव्या दिवसाची तारीख मुलाने चाळीच्या खांबावर खडूने लिहून ठेवली आहे, आणि त्याखाली मी सही केली आहे.

पहिला हप्ता गेल्या आठवड्यात पडला. रात्री वीज आल्यावर नाना मोटार चालू करून पाटाशी उभे राहिले; पाणी पहिल्या वाफ्याच्या तोंडाशी आले तेव्हा त्यांनी मुलाला हाक मारली, आणि मग तोलून आणलेल्या युरियाची गोणी सोडली.